हा विषय फक्त डॉक्टरांचा का?

प्रिय विद्यार्थिनी,

तू फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहेस. मेडिकल, नर्सिंग, फार्मसी आणि सोशल वर्कच्या मुलांबरोबर पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या काळजीचा, एकत्र कोर्स करावा का, असं विचारतेस. पुढे तुला हाच विषय शिकवायचाय, पण ‘अखेरच्या दिवसांत फिजिओथेरपीचा काय उपयोग?’ हा आईचा प्रश्न मनातून जात नाही.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे फक्त अखेरचे दिवस नव्हेत. गंभीर आजाराचं निदान झाल्यापासून, इलाज चालू असतानाही ती देतात.

अशा एका वर्गात मी मागे बसले होते. पेशंटची भूमिका करणारे गृहस्थ खुर्चीत पुढे झुकून धापा टाकत होते. मेडिकलचा मुलगा म्हणाला, “ऑक्सिजन लावू.” पण ऑक्सिजनची पातळी ठीक होती, त्याने फारसं साधणार नव्हतं. फार्मसीच्या मुलीने मॉर्फिनचा लहान डोस सुचवला आणि सोबत पोट साफ होण्याचं औषधही. नर्सिंगच्या मुलीने विचारलं, “काका, रात्री आडवं होता येतं?” तीन आठवडे ते बसूनच झोपत होते! तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मग फिजिओथेरपीच्या मुलाने त्यांचे हात टेबलावरच्या उशीवर टेकवले आणि छोटा पंखा तोंडासमोर धरायला दिला. चेहऱ्यावरच्या वाऱ्याने धाप खरंच कमी वाटते.

१९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस (बरे न होणाऱ्या पेशंटची काळजी घेणारं केंद्र) सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग हॉस्पिटलात समाजसेविका, त्यानंतर डॉक्टर. शरीराचं, मनाचं, घरच्या काळजीचं आणि श्रद्धेचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं असतं, असं त्या सांगत. एवढं सगळं एकट्याने शिकणं कितीजणांना जमणार? म्हणून एकत्र शिकायचं.

मात्र कोर्स नीट पारखून घे. दोनशे मुलं हॉलमध्ये एकच लेक्चर ऐकत असतील, तर ते शेजारी बसणं झालं. लहान गट, एकच पेशंट आणि वेगवेगळ्या शाखांचे शिक्षक असतील, तर बिनधास्त नाव नोंदव. शिकवण्याचं म्हणशील, तर आधी काही वर्षं पेशंटमध्ये काम कर. अशा गटात मेडिकलचीच मुलं बोलत राहतात आणि गप्प बसलेल्याला बोलतं करणं हे शिक्षकाचं निम्मं काम असतं. ते पुस्तकातून येत नाही.

घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर मात्र एखादं वर्ष थांब, आणि कोर्सच्या शिक्षकांना तसं मोकळेपणाने सांग.