वाचकांचे प्रश्न : ग्रीक अक्षरं

प्रश्न (मडगाव) : पुढच्या महिन्यात तारवावर चढतोय, मुक्काम पिरेयस बंदरात. पाट्या वाचण्यापुरती ग्रीक अक्षरं शिकतोय. पुस्तकात 'बीटा' आहे, व्हिडिओत 'वीता'. कुणाचं धरू?

उत्तर : व्हिडिओचं. 'बीटा' हा इंग्रजी वळणाचा; त्यातला ब तेवढा प्राचीन अथेन्सच्या उच्चाराला जवळचा. आज बंदरावर या अक्षराला ब ऐकू येणार नाही.

पाट्यांवर मोठी अक्षरं असतात, म्हणून आधी 24 मोठीच घ्या. त्यातली 14 इंग्रजीसारखी दिसतात आणि पाच सरळसरळ फसवतात : बी म्हणजे व, एच म्हणजे ई, पी म्हणजे र, वाय म्हणजेही ई, एक्स म्हणजे घशात घासणारा ख, उर्दू गझलेतला. बाटलीवर 'एन-ई-पी-ओ' दिसलं तर वाचा 'नेरो', म्हणजे पाणी. 'एम-ई-टी-पी-ओ' म्हणजे मेट्रो.

मराठी माणूस अडखळतो तो थीटा आणि डेल्टावर. आपल्या थ-द मध्ये जीभ दातांना टेकते आणि हवा अडते. इथे टोक दातांच्या फटीत ठेवून हवा सुटू द्यायची. थीटाला नुसता वारा, डेल्टाला आवाज. प्राचीन ग्रीक शिकणाऱ्याला मात्र आपला थ, फ, ख जसाच्या तसा चालतो. ही सोय इंग्रजांना नाही.

मग जोड्या. एप्सिलॉन-योता मिळून ई, अल्फा-योता मिळून ए, ओमिक्रॉन-इप्सिलॉन मिळून ऊ. बंदराचं नाव यातल्या पहिल्या दोन जोड्यांनी लिहितात, म्हणून ते 'पिरेआस' होतं. ब साठी ग्रीक मी-पी (गणितातले म्यू आणि पाय) ही जोडी; बारच्या पाटीची सुरुवात तिनेच होते. आघात चुकला तर अर्थ बदलतो : 'पोते'त पहिल्यावर जोर म्हणजे 'केव्हा', दुसऱ्यावर म्हणजे 'कधीच नाही'. मोठ्या अक्षरांच्या पाटीवर आघाताची खूण सहसा नसते, तेव्हा शब्द ऐकूनच पक्का करावा लागतो.

प्रश्न (फोंडा) : मुलगी अकरावी विज्ञानला आहे. वहीत न्यू आणि व्ही, ऱ्हो आणि पी एकसारखे काढते, गुण जातात.

उत्तर : चार रेघांची वही घ्या. ऱ्हो अक्षरं जिच्यावर बसतात त्या रेघेच्या खालून सुरू करायचा, वर न्यायचा, गोल फिरवून दांडीला मिळवायचा. हात उचलायचा नाही. पी वरून खाली येतो. द्रवाच्या दाबाच्या सूत्रात दाबाचा पी आणि घनतेचा ऱ्हो शेजारीच येतात, तिथे हा फरक कामी येतो. न्यूचं टोक खाली टोकदार, डावी रेघ सरळ, उजवी किंचित आत वळलेली. व्हीच्या दोन्ही रेघा सरळ. म्यूचा डावा पाय रेघेखाली, ईटाचा उजवा. झीटाला एक पोट, क्झायला दोन, शेपूट दोघांना. एका बैठकीत सगळी नकोत, घोळ होणाऱ्या जोड्याच काढू दे.

प्रश्न (म्हापसा) : जुन्या छपाईत शब्दाच्या पहिल्या स्वरावर स्वल्पविरामासारखी खूण असते, कधी सुलटी कधी उलटी. ती वाचायची कशी?

उत्तर : उलटी असेल तर प्राचीन उच्चारात स्वराआधी ह लावा, सुलटी असेल तर काही नाही. शब्दारंभीच्या ऱ्होवर उलटीच असते. ग्रीसमध्ये 1982 साली या खुणा अधिकृत लेखनातून गेल्या आणि आघाताची एकच उरली. तिथला प्रश्नचिन्हाचा आकार मात्र आपल्या अर्धविरामासारखा आहे, तो वाक्यातला थांबा समजू नका.