क्रूझ कंट्रोल सुटतंय? स्टेअरिंग उघडण्याआधी पायाखाली बघा

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी मॅन्युअल, डिझेल. क्रूझचं, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग धरणाऱ्या सोयीचं, मेन बटण दाबलं की मीटरमध्ये दिवा लागतो, पण ‘सेट’ कधी धरतं, कधी नाही. धरलंच तर कोल्हापूरच्या तावडे हॉटेलपासून कागलकडं निघाल्यावर थोड्या वेळात आपोआप सुटतं. चेक इंजिनचा दिवा नाही, हॉर्न आणि ऑडिओची बटणं ठीक आहेत. तरी गॅरेजवाल्यानं स्टेअरिंगमधली स्पायरल केबल (स्टेअरिंग फिरलं तरी बटणांचा सिग्नल पोचवणारी गुंडाळलेली वायर) आणि बटणांचा सेट बदलायला सांगितलाय, आणि खर्च काही हजारांत आहे.

माझं मत, ते काम आत्ता करू नका. क्रूझच्या मेन बटणाचा सिग्नल त्याच स्पायरल केबलमधून येतो आणि तो पोचतोय, म्हणून तर दिवा लागतो. शिवाय तुम्ही हात न लावता सरळ रस्त्यावर क्रूझ सुटतंय. नुसत्या बटणात दोष असता तर फक्त ‘सेट’ घ्यायला त्रास झाला असता. एकदा धरलेलं मधेच सोडायला बहुतेक वेळा वेगळं कारण असतं. केबल पूर्ण निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, पण तिचा नंबर शेवटी.

क्रूझचं काम कसं चालतं ते आधी बघा. वेग धरून ठेवायला इंजिनचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) स्वतःच डिझेल कमी-जास्त करतो. पण त्याआधी आणि त्यानंतर सतत तो काही गोष्टी तपासत असतो: ब्रेक दाबलेला नाही ना, क्लच दाबलेला नाही ना, चाकांच्या सेन्सरकडून येणारा वेग नीट आहे ना, एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) किंवा ईएसपीची (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) तक्रार नाही ना. यातल्या एकाही गोष्टीची खात्री वाटली नाही की तो क्रूझ सोडतो, आणि ते बरोबरच आहे. म्हणून क्रूझचा बिघाड शोधताना ‘चालू का होत नाही’ यापेक्षा ‘बंद कोण करतंय’ हे शोधावं. आणि बंद करणारे मुख्य दोन स्विच तुमच्या पायाखाली आहेत.

पहिला ब्रेकचा. रात्री गाडी पार्किंगमध्ये भिंतीकडं पाठ करून लावा, इग्निशन चालू ठेवा, टेललाइट बंद. आरशात भिंतीवरचा उजेड बघत पेडलवर अगदी हलका पाय टेकवा. लाल उजेड लगेच यायला हवा आणि पाय काढला की लगेच जायला हवा. मग पेडल हातानं वर ओढून बघा. वर ओढल्यावरच उजेड जात असेल, तर पेडल पूर्ण वर येत नाहीय किंवा स्विचची सेटिंग सरकलीय. दोष तिथंच आहे.

पण दिवे बरोबर लागतात म्हणजे स्विच चांगला, असं समजू नका. बऱ्याच जणांची तपासणी इथंच थांबते. आताच्या बहुतेक गाड्यांत ब्रेक स्विचमध्ये दोन संपर्क असतात. एक पेडल दाबल्यावर जुळतो आणि दिवे लावतो, दुसरा पेडल दाबल्यावर तुटतो आणि ईसीएमला सांगतो. दोघांचं म्हणणं जुळलं नाही की क्रूझ बंद. दुसरा संपर्क झिजलेला असेल तर मागचे दिवे अगदी ठीक दिसतात आणि क्रूझ मात्र मधेच सुटतं. स्कॅनरवर, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, पी ०५०४ हा कोड मिळाला तर तो नेमका या दोघांच्या न जुळण्याचा असतो, आणि पी ०५७१ हा ब्रेक स्विचच्याच सर्किटचा. चेक इंजिनचा दिवा न लागताही असे कोड आत पडून असू शकतात, म्हणून दिवा नाही म्हणजे कोड नाही असं धरू नका.

आता टॉर्च घेऊन पेडलच्या वर, जिथं स्विचचा दांडा पेडलच्या पट्टीला टेकतो, तिथं बघा. पट्टीला एक भोक असतं आणि त्यात रबराचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा गोल स्टॉपर बसवलेला असतो. जुना झाला की तो चुरा होऊन पडतो. मग स्विचचा दांडा त्या रिकाम्या भोकात घुसतो, आणि पेडल न दाबताही गाडीला ब्रेक दाबल्यासारखं वाटत राहतं. माझ्या मेहुण्याच्या गाडीत मॅटवर चॉकलेटच्या चुऱ्यासारखे तपकिरी तुकडे मिळाले, ते त्या स्टॉपरचेच होते. स्टॉपर अगदी स्वस्त असतो. स्विचसुद्धा साधारण काही शे रुपयांत येतो.

दुसरा क्लचचा. इथं एक गोंधळ होतो. काही गाड्यांत क्लचला दोन स्विच असतात: खालचा, क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणारा, आणि वरचा, क्लच जरा हलला तरी क्रूझ सोडणारा. गाडी नीट स्टार्ट होते म्हणून वरचा स्विच चांगला असं ठरत नाही. तसंच पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवय असेल तर तेवढ्या वजनानंही क्रूझ सुटतं. पुढच्या वेळी डावा पाय पूर्ण बाजूला, डेड पेडलवर (क्लचशेजारच्या पाय टेकवायच्या जागेवर) ठेवून चालवा. जाड मॅट टाकली असेल तर चाचणीपुरती काढून डिक्कीत ठेवा, कारण तिची कड पेडलमध्ये अडकू शकते.

एक मला सांगा: क्रूझ सुटतं तेव्हा नेमकं काय होतं? सहापदरीकरणाच्या कामामुळं खड्डे, वळसे आहेत. उड्डाणपुलाच्या सांध्यावर किंवा खड्ड्यात धक्का बसला की सुटत असेल, तर सैल स्विच किंवा सैल कनेक्टर. चढ लागल्यावर वेग पडून सुटत असेल, तर तो दोषच नाही, कारण वेग ठरवलेल्यापेक्षा बराच खाली गेला की कित्येक गाड्या मुद्दाम सोडतात.

गॅरेजला जाल तेव्हा फक्त ‘कोड काढा’ म्हणू नका, लाइव्ह डेटा (सेन्सर आणि स्विचची त्या क्षणाची स्थिती) दाखवा म्हणा. मोबाइलला जोडायचं स्वस्त ब्लूटूथ डोंगल इथं बहुतेक वेळा पुरत नाही, कारण ब्रेक आणि क्लच स्विचची स्थिती गाडीच्या तपासणी सॉकेटला (ओबीडी) जोडून चालणाऱ्या साध्या ॲपमध्ये सहसा दिसत नाही. उद्यमनगरात चांगला स्कॅनर असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. गाडी उभी असताना पेडल इंच-इंचानं दाबत दोन्ही ब्रेक संपर्क आणि क्लच स्विच स्क्रीनवर बघा. मग डॅशखालचं वायरिंग हातानं हलवा. आपल्याकडं गाड्या उसाच्या शेताशेजारी उभ्या असतात आणि उंदीर वायरी कुरतडतात, त्यामुळं बॉनेटखालचं वायरिंगही बघून घ्यायला सांगा. काही कंपन्यांच्या स्कॅनरमध्ये ‘क्रूझ शेवटचं कशामुळं सुटलं’ हेही दिसतं. ते मिळालं तर निम्मं काम झालं. चाकांच्या सेन्सरचा वेगही चारही चाकांचा एकत्र बघा. एक चाक मधेच शून्य दाखवत असेल तर तिकडं वळा.

हे सगळं स्वच्छ निघालं, तरच स्टेअरिंग. तिथं बटणांचा रेझिस्टन्स मोजतात. बहुतेक गाड्यांत प्रत्येक बटणाला वेगळा आकडा येतो. मीटर लावून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, आकडा उडाला तर केबल गेली. पण हे घरी करू नका. मधे एअरबॅग आहे, पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर कधीच लावायचा नाही, आणि बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय हात घालायचा नाही. नवी केबल बसवताना ती मध्यावर सेट केली नाही तर पहिल्याच पूर्ण वळणात तुटू शकते.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कुणी वायरमन म्हणेल, ‘स्विचला जंपर मारतो, क्रूझ चालेल.’ म्हणजे स्विच डावलून वायर थेट जोडतो. चालेलही. पण मग ब्रेक दाबलेला ईसीएमला कळणार नाही, म्हणजे तुम्ही ब्रेक मारताय आणि इंजिन डिझेल ओढतंय अशी वेळ येऊ शकते. असं काम करून देणाऱ्याकडं गाडी ठेवू नका.

दुरुस्तीनंतरची चाचणी कोरड्या रस्त्यावर, सकाळी लवकर, गर्दी नसताना घ्या. शेजारी कुणाला तरी बसवा, म्हणजे नोंद तो ठेवेल आणि तुमची नजर रस्त्यावर राहील. क्रूझ धरलं की ब्रेक जेमतेम स्पर्शून सुटतं का बघा, ‘रिझ्यूम’ करा, मग क्लच स्पर्शून बघा. दोन्हीला तत्काळ सुटायलाच हवं. पावसाळ्यात मात्र पाणी साचलेल्या रस्त्यावर क्रूझ वापरू नका, चाकांची पकड सुटली की ते वेग राखायच्या प्रयत्नात राहतं. आणि गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याविना चालतात, तेव्हाही नको.

आधी भिंतीवरच्या उजेडाची चाचणी करून काय दिसलं ते कळवा. गाडीचं मॉडेल आणि साल लिहिलंत, तर त्यात क्लच स्विच वरचा आहे की दोन्ही, तेही सांगता येईल.