पाचवा महिना, लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही. गोळ्या बंद करू का?

स्वतःहून बंद करू नका गं. गरोदरपणात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे या दिवसांत आतडी मंदावतातच, त्यात लोहाची भर पडते. फारच त्रास असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात.

तू विरारहून लोकलने जातेस, म्हणून आधी पाण्याचं बघ. वाटेत बाथरूमची सोय नाही म्हणून आपल्या कितीतरी बायका घोटभर पाण्यावर चर्चगेट गाठतात. निदान ऑफिसात पोचल्यावर तरी बाटली भरून समोरच ठेव. डब्यात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोडाची मटकी असू दे. मधल्या वेळेला पेरू. इसबगोल डॉक्टरांना विचारून, भरपूर पाण्यासोबतच घे. घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी एरंडेल नको, त्याने कळा सुरू होऊ शकतात. शौचावाटे रक्त पडलं किंवा पोटात जोरात दुखलं तर त्याच दिवशी दाखव.