बालविकास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा गेल्या १८ डिसेंबरला चार वर्षांचा झाला असून तो ज्युनिअर केजीत आहे. तो गोष्टी रंगवून सांगतो, पण पेन्सिल मुठीत धरतो आणि काही अक्षरे उलटी काढतो, अशी तक्रार बाईंनी पालकसभेत केली. शेजारची, त्याच्याच वर्गातली मुलगी पूर्ण नाव लिहिते. त्याला लेखनाच्या क्लासला घालावे, की याच वर्गात आणखी एक वर्ष ठेवावे?
– एक आई, घणसोली

उत्तर : शेजारच्या मुलीचा जन्ममहिना आधी विचारून पाहा. आपल्या राज्यात प्रवेशाचे वय ३१ डिसेंबरपर्यंतचे धरतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेले मूल आणि तुमचा मुलगा एकाच वर्गात बसतात. हे अंतर अकरा महिन्यांचे, म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ पाव हिस्सा आहे.

साधारणपणे तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढते, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, पुढे चौकोन, आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास. गोलाई, दांडा आणि शिरोरेघ एकत्र जुळवावी लागणारा आपला ‘अ’ त्रिकोणाहून सोपा नाही. अक्षरे उलटी काढणे तर सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास दिसते.

क्लास नको. मटार सोलणे, कणकेच्या गोळ्या वळणे, शर्टाची बटणे स्वतः लावणे यांतून बोटांत बळ येते. पेन्सिलऐवजी खडूचा इंचभर तुकडा द्या. तो मुठीत धरून लिहिताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. (ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा शिंपले, खडे, पाने हेच त्यांचे साहित्य होते. महागड्या संचांची गरज तेव्हाही नव्हती.)

वर्ग पुन्हा करायला लावण्याचा निर्णय अक्षरावरून घेऊ नका. तो डबा उघडून खातो का, शू लागल्याचे बाईंना सांगतो का, ‘चपला काढ आणि दप्तर कोपऱ्यात ठेव’ अशी दुहेरी सूचना पाळतो का, गोष्ट संपेपर्यंत बसतो का, हे बाईंना विचारा. चार वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्यांना कळत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट तो विसरू लागला असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना गाठावे आणि श्रवणचाचणीही करून घ्यावी. तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही. पाच वर्षे पूर्ण झाल्यावरही मूठ सुटली नाही आणि बटणे जमली नाहीत, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा.