जिनिंगमधल्या सर्व्हरवर नागपूरहून टर्मिनल कसं मिळवायचं

भाऊ, हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये (कापसाच्या कारखान्यात) तुम्ही जुन्या पीसीवर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून सर्व्हर केला, तिथल्या वायफायवरून एसएसएच (दुरून टर्मिनल देणारी सुरक्षित जोडणी) मस्त चालतं, पण नागपूरहून जोडलं की टाइमआउट येतो. एसएसएचच्या सेटिंग बदलत बसू नका, अडचण बहुधा तिथं नाही. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटलाय. मग राउटरवर एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट (जोडणीचं दार) कितीही उघडा, बाहेरून आत येताच येत नाही. सिमवरच्या राउटरचं बहुतेक असंच असतं.

म्हणून जोडणी सर्व्हरनेच बाहेर करायची. सार्वजनिक पत्ता असलेला छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घ्या आणि जिनिंगमधून त्याच्याकडे एसएसएचचं रिव्हर्स टनेल, म्हणजे आतून बाहेर काढलेली पण उलट आत येऊ देणारी वाट, टाका: व्हीपीएसचा २२२२ पोर्ट थेट तुमच्या मशीनच्या २२ वर. हा पोर्ट मुळात व्हीपीएसच्या आतपुरताच उघडतो, तसाच राहू द्या. नागपूरहून आधी व्हीपीएसवर, तिथून टनेलमधून आत.

खरी परीक्षा लाईन गेल्यावर. लाईन आली की पीसी लवकर उठतो, राउटरला नेट पकडायला वेळ लागतो. टनेल सांभाळायला ऑटोएसएसएच (तुटलेली जोडणी पुन्हा जोडणारा प्रोग्रॅम) वापरा, पण त्याचा गेटटाइम, म्हणजे पहिली जोडणी निदान किती वेळ टिकायला हवी ती सेटिंग, शून्य करा. नाहीतर पहिलीच जोडणी फसली की तो कायमचा बंद होतो. 'एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर' (टनेल जमलं नाही तर जोडणीच सोडून द्यायची एसएसएचची सेटिंग) चालू हवंच. व्हीपीएसवर जुनी मेलेली जोडणी २२२२ अडवून बसलेली असते, तेव्हा नवी जोडणी वरवर चालू दिसते आणि टनेल मात्र नसतंच. दोन्हीकडे अलाइव्ह इंटरव्हल (पलीकडचा जिवंत आहे का अशी हाक किती वेळाने द्यायची) ३० सेकंद ठेवा, तीन हाका वाया गेल्या की जोडणी सुटते.

पासवर्डने लॉगिन बंद करा, ईडी२५५१९ प्रकारची की (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली-फाइल) वापरा. फ्रीबीएसडीवर 'केबीडीइंटरॅक्टिव्ह' (कीबोर्डवरून प्रश्नोत्तराने लॉगिन) वेगळं बंद करावं लागतं, नाहीतर पासवर्ड त्या वाटेने चालतच राहतो. बदलानंतर सेटिंगमधली चूक शोधायला आधी 'एसएसएचडी -टी' चालवा आणि नवीन जोडणी जमेपर्यंत जुनी खिडकी बंद करू नका. लांबलचक काम टीमक्समध्येच करा, म्हणजे जोडणी तुटली तरी ते चालू राहतं.

मशीन कुलरच्या झोतात ठेवू नका, ओल बाधते. सीझनमध्ये पंख्यात रुई भरते, ती काढायला कुणाला तरी सांगून ठेवा. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) लाईन आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग करा. डिस्क यूएफएस या फाइलसिस्टिमची असेल तर आरसी.कॉन्फ या सेटिंग-फाइलमध्ये 'एफएससीके_वाय_एनेबल' येस करा, म्हणजे डिस्क तपासताना येणाऱ्या प्रश्नांना आपोआप 'हो' उत्तर जातं. नाहीतर मशीन कधी कीबोर्डची वाट बघत अडकेल आणि तुम्हाला हिंगणघाट गाठावं लागेल.