जिमचा कंटाळा आलाय? थोडं बाहेर पड

कंटाळा आला म्हणून व्यायामच सोडू नकोस. जिम दोन दिवसांवर आण, फक्त ताकदीसाठी. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. ती १५० मिनिटं ट्रेडमिलवरच काढावीत असं कुठे आहे?

पणजीत राहतोस, तर सकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर जा. मऊ वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. टाच रुतते, पाऊल उचलताना पोटरी ताणली जाते, तोल सांभाळायला घोटा सतत काम करतो. म्हणूनच सुरुवातीला पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवरून चाल आणि सुक्या वाळूत फक्त पाच-दहा मिनिटं. पहिल्याच दिवशी तासभर रपेट मारलीस, तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटऱ्या भरून येतील. अनवाणी चालणार असशील तर काचा आणि शिंपले बघ.

मला स्वतःला सर्वात आवडतात त्या पणजीच्याच मळा भागातल्या मारुती मंदिराच्या पायऱ्या. चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना. तेव्हा सावकाश उतर. पावसाळ्यात शेवाळ धरतं, तिकडे फिरकूही नकोस. त्या दिवसांत समुद्रातही नको. पोहायचं तर तरणतलावात, नाहीतर घरी सूर्यनमस्कार. गावच्या मैदानावर संध्याकाळी फुटबॉल असतोच, त्यात बिनधास्त शिर.

एका वेळी एकच नवा प्रकार धर, दोन-तीन आठवडे दे, मग ठरव. सांधा दुखला तर थांब आणि डॉक्टरांना दाखव.