स्पॉयलर नंतर, आधी टायरवरचं माप वाचा

तुमची पोस्ट वाचून हसू आलं आणि जुनी जखमही ठसठसली. "हवा खालून सरळ निघून जावी म्हणून गाडीच्या पोटाखाली सपाट पत्रा लावला, टायर नवे टाकले, ॲव्हरेज थोडं वाढलं, आता मागे स्पॉयलर (हवा वळवणारी पट्टी) लावू का?" हेच सगळं, याच क्रमाने मी केलंय.

हवेचा दाब, टपावरचं रिकामं कॅरिअर वगैरे तुम्ही बघितलंच असेल, ते सोडतो.

माझ्या गाडीच्या टायरचं मूळ माप १८५/६५ आर १५ (रुंदी मिमीत / टायरची उंची रुंदीच्या टक्क्यांत, मग रिमचा व्यास इंचात). टायरवाल्याने १८५/६० चढवले, म्हणे "काही फरक पडत नाही." पत्राही त्याच आठवड्यात बसवला. ॲव्हरेज तीन टक्के वर! वर्षभर मी त्या पत्र्याचे गोडवे गात होतो. मग एकदा हायवेला सहज किलोमीटरचे दगड मोजले. दगडांनी ५०, मीटरने साडेएक्कावन्न. घरी येऊन गणित मांडलं: जुन्या चाकाचा व्यास ६२१.५ मिमी, नव्याचा ६०३. चाक लहान, फेरे जास्त, मीटर पुढे पळतोय. माझी सगळी बचत मीटरमध्येच होती! त्याआधी सर्व्हिस सेंटरला मीटर तपासायला तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा कागदावर "ओके". वाकून टायर वाचायला कुणाची कंबर दुखत होती कोण जाणे.

म्हणून एका वेळी एकच बदल. मग तो काढून पुन्हा मोजा, शक्यतो त्याच हवामानात. शून्य अंशाची हवा तीस अंशाच्या हवेपेक्षा साधारण ११ टक्के दाट असते, तेवढ्यानेही आकडे हलतात. टाकी त्याच पंपावर, पहिल्या कटपर्यंतच (पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंतच) भरा.

स्पॉयलर? माझं मत, नको. बाजारातले बरेचसे दिखाऊ असतात, काही तर उलट हवा अडवतात. फारच हौस असेल तर आधी मागच्या काचेवर लोकरीचे तुकडे चिकटवा आणि दुसऱ्या गाडीतून कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. धागे सरळ पडून राहिले तर हवा चिकटून वाहतेय, वेडेवाकडे फडफडले तर तिथे ती सुटतेय.

खरी बचत उजव्या पायात आहे. शंभरवरून ऐंशीवर आलात की हवेचा विरोध ३६ टक्के घटतो, फुकटात.

मी इंजिनिअर नाही, हौशी माणूस आहे. पण तुमचा पत्रा प्लास्टिकचा असेल तर सायलेन्सरच्या पाइपपासून लांब आहे ना, ते आजच बघा. माझा एक कोपरा वितळला होता. आणि टायरचं जुनं-नवं माप इथे टाका, मग पुढचं बोलू.